रंध्याचं झाकण

फर्निचरच्या कारखान्यात त्याला सगळे कातारी म्हणत, कारण कातकाम हेच त्याचं काम. लेथवर लाकूड फिरत ठेवायचं आणि पटाशी लावून त्याला गोलाई आणायची. खुर्च्यांचे पाय, पलंगाचे खांब, कठड्याच्या दांड्या. खुर्चीचे दोन पाय नव्या माणसापुढे ठेवून, यातला आधी कुठला केला ते ओळख, असं तो म्हणायचा, आणि समोरचा डोकं खाजवायला लागला की मिशीतल्या मिशीत हसायचा. कामाचा त्याला गर्व होता आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

ज्या दिवशी त्याच्या डाव्या हाताची चार बोटं गेली, त्या दिवशी तो लेथवर नव्हताच. रंधा मशीनवरचा माणूस आजारी होता आणि खुर्च्यांचं काम तुंबलं होतं. कारखान्याचा सुपरवायझर म्हणजे कातारीच्या बायकोचा थोरला भाऊ, त्याचा मेहुणा. तो म्हणाला, दाजी, एवढ्या फळ्या तेवढ्या काढून द्या. रंधा मशीन म्हणजे लांब लोखंडी टेबल. मधल्या फटीत पाती गरगरत असतात. त्यांच्यावरून फळी ढकलत नेली की गुळगुळीत होऊन पलीकडे निघते. पात्यांवर एक झाकण असतं, त्याला गार्ड म्हणतात. फळी आली की ते बाजूला सरकतं, फळी गेली की आपोआप परत येऊन पाती झाकतं. त्याच्यामुळे हात चालत नाही, काम रेंगाळतं, म्हणून मेहुण्याने ते काढून कपाटावर फेकलं होतं. उघडी पाती कातारीला दिसत होती. तरी त्याने बटण दाबलं. एका आखूड फळीत गाठ निघाली, फळी उडाली, आणि तिच्यावर दाबून धरलेला हात फळीच्या जागी गेला.

अंगठा तेवढा राहिला. इस्पितळात सासूबाई भेटायला आल्या, पट्टीतून बाहेर डोकावणाऱ्या त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "चला, काहीच नाही तर अंगठाबहाद्दर तरी होता येईल." बायको आईवर तापली. कातारी मात्र अपघातानंतर पहिल्यांदा हसला.

सासूबाई लेकीकडेच राहायच्या. मुलाचं घर वरच्या मजल्यावर, आणि त्यांच्या गुडघ्यांनी जिन्याशी कायमचं वैर धरलेलं. त्यांनी उभ्या आयुष्यात अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले होते, आणि पायाने चालवायची त्यांची शिलाई मशीन आता लेकीच्या घरच्या खिडकीत ठाण मांडून होती. जावयाशी त्यांचं बोलणं मानाचंच असे, पण त्या मानाला टाचणी टोचलेली असे.

जखम भरली तसा मेहुण्याने कारखान्याच्या मालकाकडे शब्द टाकला. कातारीला फाटकावर बसायचं काम मिळालं. एक स्टूल, एक टोपी. गाडी आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं. सगळ्यांनी मालकाच्या माणुसकीचे गोडवे गायले. कातारी जाऊन बसला. ज्यांच्याशी त्याची रोजची थट्टामस्करी, ते आता फाटकातून जाताना आवाज उतरवून विचारायचे, काय, बरं आहे ना? आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तसं. आतून त्याच्याच लेथचा आवाज यायचा. पटाशी बोथट झाली की लाकूड चिरकतं, ते त्याला स्टुलावर बसल्या बसल्या ऐकू यायचं आणि दातात खडा आल्यासारखं व्हायचं. एके सकाळी त्याने टोपी स्टुलावर ठेवली आणि तो सरळ घरी चालत आला.

मेहुण्याच्या ते जिव्हारी लागलं. संध्याकाळी येऊन तो बहिणीला म्हणाला की तुझ्या नवऱ्याला सुखाचा जीव दुःखात घालायची हौस आहे, उद्या पुन्हा माझ्याकडे यायचं नाही. कातारी भिंतीला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, नाही येणार. एवढंच.

घरामागे पत्र्याची एक खोली होती. मोडक्या सायकली, गळकी बादली, केव्हातरी लागेल म्हणून ठेवलेलं आणि कधीच न लागलेलं सगळं. कातारीने ती रिकामी केली आणि तिथे एकेक हत्यार बनवायला घेतलं. बाजारातली हत्यारं दोन हातांच्या माणसासाठी केलेली असतात. शिकंजा घ्या: एका हाताने लाकूड धरायचं, दुसऱ्याने दांडा फिरवून आवळायचं. धरायला हात नाही तर शिकंजा असून नसून सारखा. म्हणून पहिल्यांदा त्याने पायाने आवळायचा शिकंजा केला. दोन जाड फळ्या, सायकलची साखळी, खाली पायटा. पायटा दाबला की जबडा मिटायचा आणि एका दातेरी पट्टीत अडकून राहायचा. पहिला शिकंजा अडकून राहिलाच नाही. जबडा उघडला आणि आतलं लाकूड कातारीच्या पायावर पडलं.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "हाताचं झालं. आता पायाचा नंबर का?"

"तुम्ही जाऊन बसा बरं."

"बसलेलीच असते मी. तुम्हीच स्टूल सोडून आलात."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला, पण दुसरा शिकंजा त्याने त्या रागातच केला आणि तो पक्का बसला. मग छातीने दाबायचं ड्रिल झालं. मग गुडघ्याखाली धरून चालवायची करवत. बायको कामावरून यायची तेव्हा तो भुशाने माखलेला असायचा, बोलायचा कमी, आणि मदतीला कुणी हात पुढे केला की अंगावर यायचा. ती इस्पितळाच्या धुलाई खात्यात होती, दिवसभर चादरी उपसून खांदे भरून यायचे. एकदा तिने नुसता फळीचा कोपरा धरला तर त्याने फळीच खाली टाकली. तिने फळीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि आत जाऊन एकटीच जेवली.

खरी ओढ होती लेथची. भंगारवाल्याकडून कपडे धुवायच्या मशीनची मोटार आणली. जुन्या खाटेच्या लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा केला. स्कूटरच्या चाकातले बेअरिंग घातले. एकदा त्याची नजर सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या पायट्यावर गेली. केवढा मऊ चालायचा तो. सासूबाईंनी सुईतून दोरा ओवता ओवता, मान वर न करता सांगितलं, "माझ्या मशीनकडे असल्या नजरेने बघायचं नाही. मी मेले तरी मिळायची नाही. जाताना बरोबर नेणार आहे."

पण पटाशीसाठी त्यांनीच मदत केली. पटाशी त्याने गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची बनवली. पोलाद निखाऱ्यात लाल केलं, ठोकलं, तेलात विझवलं. वाळत घातलेल्या कपड्यांना त्या तेलाचा वास लागला आणि बायकोने ते सगळे पुन्हा धुतले, आपटून आपटून. पटाशी धरायची कशी हा मोठा पेच होता. कुठलाही कातारी उजव्या हाताने मूठ धरतो आणि डाव्याने टोकाला दिशा देतो. आता दिशा देणारा हातच नव्हता. त्याने दांडा लांब केला, मुठीपासून थेट कोपराच्या मागपर्यंत, म्हणजे सगळा उजवा हातच पटाशीचा दांडा होईल. तो दांडा हाताला बांधून ठेवायला चामड्याचा पट्टा हवा होता. सासूबाईंनी जुनी पिशवी उसवली, गळ्यात टेप अडकवला आणि गिऱ्हाईकाला सांगतात तसं सांगितलं, हात सरळ, खांदा सोडा, हलायचं नाही. चामड्यात त्यांच्या कितीतरी सुया मोडल्या. प्रत्येक सुई मोडली की त्या जावयाच्या मागच्या पिढ्यांपैकी एकीचा उद्धार करायच्या. पण पट्टा झाला तो असा, की जन्मतःच हाताला असावा.

मग ज्या दिवशी लेथ पहिल्यांदा फिरला त्या दिवशी त्याने लाकडाचा एक चौकोनी ठोकळा त्यावर चढवला, पटाशी हाताला बांधली आणि मोटार सुरू केली. ठोकळा फिरला, पटाशी लागली, भुशाची एक वळी सुटली, आणि क्षणात ठोकळा सुटून खिडकीची काच फोडून अंगणात गेला. बायको तिथे बादलीपाशी वाकलेली होती. ठोकळा तिच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर आदळला.

ती ठोकळा हातात घेऊनच आत आली. ओरडली नाही. मोटार अजून गरगरत होती, कारण तिचं बटण दाराजवळ होतं आणि कातारी पलीकडच्या बाजूला, दातांनी पट्टा सोडवत उभा होता.

"हे बंद कोण करणार?" तिने विचारलं.

"मीच."

"कधी?"

तिने वायर ओढून काढली.

"आधी याला थांबायला शिकवा," ती म्हणाली. "फिरणं नंतर."

वायर तिने कपड्यांच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. कातारी खवळला. घाबरट म्हणाला, माझ्यावर उठलेली म्हणाला, तुलाही मी स्टुलावरच हवाय म्हणाला. शेवटचं वाक्य म्हटल्यावर त्याचं त्यालाच कडू लागलं, पण शब्द तोंडातून सुटला की तो काही परत येत नाही. ती कुलपाची किल्ली कमरेला लावून कामावर गेली. घरात काही दिवस भांडीच तेवढी बोलत होती.

त्या दिवसांत तो रोज पत्र्याच्या खोलीत जाऊन मुक्या लेथसमोर बसायचा. आधी रागाने बसायचा. मग नुसताच. हळूहळू त्याच्या डोक्यात एक गोष्ट शिरायला लागली. इतकी वर्षं त्याने मशीन चालवली होती, पण ती थांबवायचा विचार कधी केला नव्हता. ते काम बटणाचं, आणि बटण हाताचं. त्याने लेथच्या पायथ्याशी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाकडी दांडी बसवली. कुठेही उभं राहून गुडघा नुसता लागला तरी मोटारीची वीज तुटायची आणि चामड्याची एक जाड पट्टी चाकाला जाऊन चिकटायची. फिरत्या लाकडावर त्याने जाळीचं झाकण केलं. पट्ट्याची गाठ काढून तिथे एक आकडा बसवला, हात मागे खेचला की आपोआप सुटणारा.

मग बायकोला बोलावलं. ती किल्ली घेऊन आली, वायर लावली आणि खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभी राहिली. तो काम करायला लागला, की ती मध्येच म्हणायची, थांबवा. त्याने गुडघा लावला की लेथ जागच्या जागी थांबायचा. पुन्हा सुरू, पुन्हा थांबवा. तो दुसरीकडे बघत असताना, शिंकत असताना, तिच्याशी बोलत असताना. त्याच्या कपाळावरून घाम निथळायला लागला तरी तिचं थांबवा थांबेना. शेवटी ती वळली, लेथवरचा अर्धवट झालेला खुर्चीचा पाय तिने बोटांनी चाचपून बघितला आणि म्हणाली, "इथे जरा जास्त गेलंय." तिचं बरोबर होतं. त्या दिवशी ती दोघं एकत्र जेवली.

काम यायला लागलं. शेजारच्या टेबलाचा पाय, कुणाच्या हातोड्याचा दांडा, कुणाच्या कपाटाच्या मुठी. कारखान्यातही बातमी पोचली, आणि एक दिवस रंधा मशीनवरचा नवा माणूस पटाशीला मूठ करून घ्यायला आला. चांगला हसतमुख तरुण गडी होता, मिस्त्री मिस्त्री करत खोलीभर फिरला, पायाचा शिकंजा स्वतः दाबून बघितला. त्याच्या एका बोटाला चिंधी बांधलेली होती. कातारीने विचारलं, तर तो म्हणाला, काही नाही, शेंडा गेला, नख वाचलं.

कातारीने लेथ थांबवला. "गार्ड लावलं नाही अजून?"

गड्याने सांगितलं की गार्ड आता कपाटावरही नाही, भंगारात गेलं. सुपरवायझर म्हणतात की हातात कसब असलं की गार्ड लागत नाही. "ते तुमचंच उदाहरण देतात, मिस्त्री. म्हणतात, कातारीचं लक्ष नव्हतं म्हणून झालं. लक्ष असलं की काही होत नाही."

सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "बाळा, ते झाकण काढलं कुणी होतं मुळात?"

गड्याला बिचाऱ्याला काय माहीत, ही बाई कुणाची कोण. तो म्हणाला, सुपरवायझरनीच. सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे.

कातारीने मान खाली घातली. सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि शिलाई मशीनसमोर बसल्या, पण मशीनचा आवाज काही आला नाही. बायको संध्याकाळी घरी आली तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या.

"सगळ्यांना ठाऊक होतं," त्या लेकीला म्हणाल्या. "या घरात मीच तेवढी परकी."

लेक म्हणाली, आई, तुला सांगून काय मिळालं असतं, तुझाच मुलगा. सासूबाई म्हणाल्या, माझाच आहे म्हणूनच सांगायचं होतं. मग त्या कातारीकडे वळल्या आणि ते झाकण कसं असतं ते दाखवा म्हणाल्या. त्याने खडूने फरशीवर काढलं: बोकडाच्या मांडीसारखा आकार, एका टोकाला खिळा, खिळ्याभोवती फिरणारं, स्प्रिंगने परत ओढलं जाणारं. सासूबाईंनी कपडा बेतावा तसा कागद अंथरला आणि कात्री घेतली.

ते झाकण बनवायला जो वेळ लागला त्यात कातारी एकदाही कुणावर डाफरला नाही. नव्या गड्याने कागदाच्या पट्टीवर मशीनचं माप आणून दिलं. पातळ फळ्या एकीवर एक चिकटवून, शिकंज्यात आवळून, कातारीने झाकणाचा तो मांडीसारखा पंख कापला. फिरणारी खुंटी त्याने लेथवर काढली, सगळ्यात चिवट लाकूड निवडून. जुन्या दाराची स्प्रिंग बसवली. ती आधी इतकी जोरात आपटायची की सासूबाई म्हणाल्या, हे पाती झाकणार का माणसाला थोबाडीत मारणार? तिला ढिली करून पुन्हा बसवली. सासूबाईंनी कापलेला कागदाचा साचा कातारीने सांभाळून भिंतीवर टांगला.

निघायच्या दिवशी बायकोने झाकण जुन्या चादरीत बांधून दिलं आणि दारात त्याची बाही धरली.

"माझा भाऊ आहे तो," ती म्हणाली. "त्याच्यावर हात टाकू नका. बाकी काय करायचं ते करा."

सासूबाई चपला घालून तयार होत्या. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं आणि नको म्हणायची कुणाची हिंमतही नव्हती. गुडघ्यांनी कुरकुर केली, त्या चालत राहिल्या. फाटकावर नवा माणूस होता, त्याने कातारीला ओळखलं, चादरीतल्या गाठोड्याकडे बघितलं आणि काही न विचारता फाटक उघडलं.

कारखाना भर जोरात होता. करवतीचा आवाज, सरसाचा वास, तोच भुसा. कातारी सरळ रंधा मशीनपाशी गेला. नव्या गड्याने त्याला बघितलं आणि मशीन बंद केली. सासूबाई जाऊन बटणाला पाठ लावून उभ्या राहिल्या. कातारीने गाठोडं दातांनी सोडलं, झाकण टेबलाच्या कडेला लावलं, गुडघ्याने दाबून धरलं आणि पाना घेतला.

पहिला बोल्ट बसला. दुसऱ्याचा आटा धरेना. तो पाना फिरवायचा, बोल्ट तिरका जायचा, तो मागे घ्यायचा. एकेक मशीन बंद होत गेली आणि सगळ्या कारखान्यात त्या पान्याचाच कटकट आवाज उरला. ज्या टेबलावर त्याचा हात गेला होता त्या टेबलाला त्याचा खांदा टेकलेला होता. कुणीतरी पुढे झालं. कातारीने मान हलवून त्याला थांबवलं. अंगठ्याने बोल्टचं डोकं सरळ दाबलं, पाना हळू फिरवला, आणि आटा धरला.

तोवर मेहुणा ऑफिसमधून आला होता. आधी त्याला कातारी दिसला, मग आई दिसली. तो म्हणाला की हे काय चाललंय, तुम्ही बाहेरचा माणूस, मशीनला हात लावायची परवानगी तुम्हाला कुणी दिली.

"बाहेरचाच आहे," कातारी म्हणाला. "म्हणून तर कुणाला विचारावं लागलं नाही."

"मी आत्ता काढून टाकीन."

"काढा. साचा घरी टांगलाय. दुसरं आणीन. तेही काढा, तिसरं आणीन. तुम्हाला कारखाना चालवायचाय, मला दुसरं काम नाही."

मेहुण्याने आवाज उतरवला. म्हणाला, दाजी, घरचं भांडण इथे नको, चला, ऑफिसात बसून बोलू. कातारी जागचा हलला नाही. त्याने पाना टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता तो बोलला.

"त्या दिवशी पाती उघडी होती ते मला दिसत होतं. मी नाही म्हणालो नाही. ती माझी चूक, आणि ती मी भोगली. झाकण तुम्ही काढलं होतं. ती तुमची. माझं लक्ष नव्हतं असं पुन्हा कुणाला सांगू नका. माझं लक्ष पूर्ण फळीवर होतं."

मेहुण्याने आईकडे बघितलं. लहानपणी अडचणीत सापडला की बघायचा तसं. "आई, तू बाजूला हो बरं. तुला लागेल काहीतरी."

"आता काही लागणार नाही, झाकण बसलंय," सासूबाई म्हणाल्या. "तू लहान असताना तुझी नखं मीच कापायचे. एकेक बोट धरून, झोपेत, तू हलायला नको म्हणून श्वास रोखून. या सगळ्यांच्याही आयांनी कापलीच असतील ना रे?"

त्या बटणापासून सरकल्या. नव्या गड्याने मशीन सुरू केली आणि एक फळी ढकलली. झाकण बाजूला सरकलं, फळी पलीकडे गेली, झाकण परत येऊन टप्पकन बसलं. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. एकेक जण आपापल्या मशीनकडे वळला. कातारीने चादरीची घडी केली आणि सासूबाईंना हात दिला. रस्त्याने परत येताना त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या ते भुशाच्या नावावर खपवत होत्या.

याचे परिणाम व्हायचे ते झाले. मालकाने निरोप पाठवला की या माणसाने पुन्हा कारखान्याची पायरी चढायची नाही. मेहुण्याने बहिणीच्या घरी येणं बंद केलं. आईला भेटायला म्हणूनसुद्धा आला नाही. बायकोला ते लागलं. भावाची बाजू घेता येत नव्हती आणि भाऊ सोडवतही नव्हता. ती कधी कधी चादरीच्या घड्या घालता घालता मध्येच थांबायची. सासूबाईंनी मुलाचं नाव काढलं नाही, पण रस्त्यावर त्याच्यासारखी स्कूटर थांबली की त्यांच्या मशीनचा पायटा थांबायचा.

कारखान्यात मेहुण्याने झाकण खरंच काढलं. नव्या गड्याने हात खिशात घातले आणि तो मशीनजवळ उभा राहिला. भांडला नाही, ओरडला नाही. म्हणाला, झाकण लागलं की फळी घेतो. मेहुण्याने दुसऱ्याला उभं केलं, त्यानेही खिशात हात घातले. तिसरा तर आधीच खिशात हात घालून आला. संध्याकाळी मेहुण्याला स्वतःच पाना घेऊन झाकण परत बसवावं लागलं, आणि गडी सांगत होता, त्यांचाही दुसरा बोल्ट तिरकाच जात होता, मिस्त्री.

मग करवत मशीनवाले आले, आमच्या पात्यालाही काहीतरी करा म्हणून. ड्रिलवाले आले. कातारी माप मागायचा, कागद अंथरायचा, सासूबाई कात्री घ्यायच्या. फळीचं दुसरं टोक आता बायको धरायची, आणि ती धरते आहे याकडे तो लक्ष नाही असं दाखवायचा.

उन्हं उतरायला लागली होती अशा एका दुपारी मेहुणा आला. पत्र्याच्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत ये कुणी म्हटलं नाही, आणि तो आलाही नाही. मालकाचा निरोप घेऊन आला होता. सगळ्या मशीनना झाकणं करायची आहेत. तुम्ही कारखान्यात या, जागा देतो, हाताखाली माणूस देतो, आपल्याच खात्यात.

"म्हणजे तुमच्या हाताखाली," कातारी म्हणाला.

कातारी करवतीच्या झाकणाची कड कानसीने घासत राहिला. मग त्याने सांगितलं की झाकणं होतील, सगळी होतील, पण इथे होतील, या खोलीत, या हत्यारांवर. लाकूड कारखान्याने पाठवायचं. बसवायला तो स्वतः येणार आणि फाटकातून येणार. आणि माझ्या हाताखाली मला कुणी नको, मी या हाताचाच माणूस आहे, असं म्हणून त्याने चामड्याचा पट्टा बांधलेला हात वर केला.

"मालकांना सांगतो," मेहुणा म्हणाला. थोडा वेळ तो तिथेच घोटाळला. "आई कशी आहे?"

घरातून शिलाई मशीनच्या आवाजावरून सासूबाईंचा आवाज आला. "सांगा त्याला, आई कामात आहे. रविवारी ये म्हणावं, आणि बायकोलाही आण. नुसती स्कूटर दाखवून जाऊ नको."

मेहुण्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. कातारी एक मोठी फळी शिकंज्यावर चढवायला लागला तेव्हा तो नकळत पुढे झाला, हात पुढे केला. कातारीने फळी कमरेवर तोलली, कोपराने ढकलली, पायटा दाबला. जबडा मिटला. मेहुण्याचा हात हवेतच राहिला, मग खाली गेला.

"जाताना दार ओढून घ्या," कातारी म्हणाला. "भुसा बाहेर कपड्यांवर जातो."